मुकी बस

सकाळी घरचे कंपनीतून आले की मी आधी त्यांच्या हाताकडं बघते, तोंडाकडं नंतर. डबा घ्यायचं निमित्त करायचं आणि डबा धरलेली बोटं बघून घ्यायची. मग पिशवी घ्यायची आणि तोही हात बघून घ्यायचा. घरचे म्हणजे माझा नवरा. आमच्या परभणीकडं बायका नवऱ्याला असंच म्हणतात. त्यांना वाटतं, हिला भांडी घासायची घाई झालीय. वाटू दे.

ही सवय लागली तेव्हा ते चाकणच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपला होते. गाड्यांचे पत्रे दाबायचं काम. पत्रा मशीनमध्ये सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायानं पेडल दाबायचं. वरून घाव येतो, पत्रा वाकतो, तो काढून ठेवायचा, दुसरा घ्यायचा. शिफ्ट संपेपर्यंत हेच. झोप झालेली असली की हात आपसूक बाहेर येतो. झोप झालेली नसली की हात बाहेर आलाय असं नुसतं वाटतं. हे मला समोरच्या खोलीतल्या भाऊंनी सांगितलं, तेही हसत हसत. भाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. शेजारच्या वाडीत हळदीचा डीजे लागला होता, दिवसभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि रात्री थर्ड शिफ्टला गेले ते तसेच. आता ते एका गोडाऊनच्या गेटवर बसतात आणि चहाचा कप डाव्या हातानं धरतात. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, “वहिनी, थर्डच्या आठवड्यात माणसाला झोपू द्या. बाकी काही केलं नाही तरी चालतंय.”

मी घाबरट. लहानपणापासूनची. ते वाक्य मी देवाला वाहिलेल्या नारळासारखं जपून ठेवलं.

आमची खोली एका लांब रांगेतली. मालकांची तिथं पूर्वी कांदा-बटाट्याची शेती होती. जमीन कंपन्यांकडं गेली, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या. राहणारे सगळे आमच्यासारखे लांबचे: कोणी बीडचे, कोणी लातूरचे, एक बिऱ्हाड चिपळूणकडचं. मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारी काडी ओढली तरी इकडं कळावं. अशा रांगेत दिवसा झोपणारा माणूस ही सगळ्यांचीच जबाबदारी असते. त्यातून तिथं एक रीत पडलेली. ज्या घरचा माणूस थर्ड शिफ्टला, त्या घराच्या कडीला बाहेरून त्याचे सेफ्टी बूट नाडीनं टांगायचे. बूट दिसले की पोरं चेंडू घेऊन पलीकडं जातात. भाजीवाला तेवढ्या दारापुरता गप्प होतो आणि पुढच्या दाराशी “मेथी, कोथिंबीर” सुरू करतो. भंगारवाला स्पीकर बंद करतो. “तिच्याकडं बूट लागलेत” एवढं म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.

बूट बाहेरच्यांना गप्प करायचे. आत मी होते.

त्या आठवड्यात कुकर लावायचा नाही. मिक्सर नाही. भाकरी थापली की आवाज होतो म्हणून पोळ्या, त्याही पोळपाटाखाली फडकं घालून. बांगड्या कोपराकडं सरकवून वर रुमाल बांधायचा. मोरीत पाणी टाकायचं ते भिंतीच्या कडेनं, ओघळ सोडल्यासारखं. खोकला आला तर तोंडात पदर. बाहेर जावं तर पत्र्याचं दार वाऱ्यानं आपटायचं, बाहेरून कडी घालावी तर आत माणूस कोंडला जायचा. आणि जाऊन जाऊन जाणार कुठं? हमरस्त्याला गेलं की कंटेनरमागं कंटेनर, तोंडावर धूळ. माझी माणसं सगळी तिकडं परभणीला, ट्रॅव्हल्सनं रात्रभराच्या वाटेवर. दार मीच आतून लावलेलं, तरी कोंडल्यासारखं व्हायचं. एकदा त्यांना म्हटलं, कंपनीत कानात घालायचे बोळे देतात ना, ते घालून झोपा. त्यांनी एक दिवस घालून बघितले. झोपेत उजवा हात सारखा पुढं-मागं, पुढं-मागं. उठून म्हणाले, “बोळे घातले की मशीनवर उभा हाय असंच वाटतंय.” मग तो विषय संपला.

खोलीत एक पडदा होता, माझ्या जुन्या साडीचा. पडद्यापलीकडं कॉट, कॉटवर ते. अलीकडं मी आणि टीव्ही.

टीव्ही आमचा नव्हता, मालकीणबाईंचा होता. सगळी रांग त्यांना आत्या म्हणायची. त्यांच्याकडं भिंतीवरचा मोठा टीव्ही आला तेव्हा हा पाठीवर पोक असलेला जुना डबा सुना भंगारात देणार होत्या. आत्यांनी तो माझ्या खोलीत आणून ठेवला. “पोरीला तेवढीच सोबत हुईल,” म्हणाल्या. आम्ही नवे होतो, ओळख ना पाळख, तरी त्यांनी खोली दिली होती. मला कावीळ झाली तेव्हा राजगुरुनगरच्या दवाखान्यात त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या होत्या, माझी आई पोचेपर्यंत. त्यांच्यापुढं माझी मान वर होत नसे. आजही होत नाही.

थर्डच्या आठवड्यात त्या टीव्हीचा आवाज मी पार शून्यावर न्यायची. स्मार्टफोन घरात एकच, तो अलार्मसाठी त्यांच्या उशीखाली. त्यामुळं मुका टीव्ही एवढाच विरंगुळा. मालिका मुक्या बघता येत नाहीत, त्यात नुसती बोलणारी तोंडं असतात. बातम्या तर नाहीच नाही. मग एका फुकटच्या चॅनेलवर मला तो पिक्चर सापडला.

तो सांगताना मला अजून लाज वाटते. दक्षिणेतला, हिंदीत डब केलेला, बराच जुना. एका बस ड्रायव्हरला खडीच्या खाणीचा मालक मारतो. ड्रायव्हरची बस अंगणात उभी राहते, तिच्यावर वेल चढतात. पोरगी मोठी होते, एक दिवस वेल तोडते, बस धुते, काचेला हळद-कुंकू लावते, आणि बस आपली आपण चालू होते. बापाचा जीव बसमध्ये आलेला असतो. पोरीला राग आला की बसचे दिवे लाल होतात. ती रडली की काचेवरचा वायपर डोळे पुसल्यासारखा फिरतो. खाणवाल्याची माणसं तिला कोंडून ठेवतात तेव्हा बस ड्रायव्हर नसताना डोंगर उतरून येते आणि भिंत फोडून आत शिरते. खाणवाल्याची मिशी एका मारामारीत डावीकडून सुटलेली स्पष्ट दिसते. पाठलागात बसचा नंबर बदलतो. केळीवाला रस्त्याच्या या बाजूला पडतो आणि लगेच त्या बाजूलाही पडतो. एक गाणं आहे, त्यात बसच्या टपावर वीस-पंचवीस बायका नाचतात, भर उन्हात, स्वेटर घालून.

शहाण्या माणसानं एकदा बघून सोडून द्यावा असा पिक्चर. तो चॅनेल मात्र तो सारखा लावायचा, आणि लागला की मी बघायची. शेजारणीनं एकदा खिडकीतून बघितलं तर रात्री नळावर म्हणाली, “काय बाई, तीच बस? तिकीट काढून बसतीस का काय रोज?” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

कारण काय सांगू? दिवस-रात्र माझ्या पोटात एक गोळा असतो, पुढं काय होईल याचा. फोन वाजला की गोळा, कंपनीची बस उशिरा आली की गोळा. या पिक्चरमध्ये पुढं काय होणार ते मला माहीत होतं. बस येणार म्हणजे येणार. भिंत फुटणार म्हणजे फुटणार. आणखी एक आहे, ते मी तेव्हा कोणाला बोलले नव्हते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं तालुक्याला जायचं तर एसटी. आठवीत मी गेले, नववीत संध्याकाळची गाडी कधी यायची, कधी नाही यायची. दोन-चारदा अंधार पडला आणि वडील म्हणाले, बास. गाडी आली असती तर मी दहावी झाले असते, एवढी साधी गोष्ट. त्यामुळं ड्रायव्हर नसतानाही डोंगर उतरून येणारी बस बघितली की मला हसू नाही यायचं.

एका दुपारी असाच पिक्चर लागलेला. दाराला बूट टांगलेले. तरी कडी वाजली. दार उघडलं तर आत्या.

“काय करती गं पोरी?” त्यांनी दारातूनच मोठ्यानं विचारलं. आत्यांना ऐकायला फार कमी येतं. आणि ज्याला ऐकायला कमी येतं त्याचा आवाज कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. कानाचं मशीन मुलानं आणून दिलेलं, पण त्या लावत नसत. म्हणायच्या, “मशीन लावलं का सुनांची भांडणं ऐकू येत्यात. त्यापरीस ह्येच बरं.”

मी ओठावर बोट ठेवलं, पडद्याकडं दाखवलं. बुटांकडंही दाखवलं.

“व्हय व्हय, बघितलं. बूट परक्यास्नी. म्या काय परकी हाय?” त्या आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. तेवढ्यात टीव्हीवर बस दिसली. “अगं बया! ही बस! अजून लागतीया?”

पडद्यामागं कॉट कुरकुरली.

झालं असं होतं की हा पिक्चर आत्यांचाही लाडका होता. कान चांगले होते तेव्हा याच टीव्हीवर त्यांनी तो कितीतरी वेळा बघितला होता. आता घरी लावला तर सुना म्हणत, “आत्याबाई, शी, हे काय बघता?” नातवंडं रिमोट हिसकावून घेत. म्हणून मग त्या माझ्याकडं यायला लागल्या. टीव्ही त्यांचाच, खोली त्यांचीच, मी नको तरी कसं म्हणणार?

आणि त्या नुसत्या बघत नसत. त्यांना सगळे डायलॉग पाठ होते. पिक्चर हिंदीत, पण त्या सांगायच्या आपल्या भाषेत, सगळ्यांचे आवाज काढून. खाणवाला आला की घोगऱ्या आवाजात, “ए पोरी, गाडी हितंच ठिव आन् घरला जाऊन भाकऱ्या बडव!” पोरगी बोलायला लागली की छाती काढून, “भाकऱ्या बी बडवीन आन् तुला बी बडवीन!” खाणवाल्याचा एक बुटका मुनीम आहे, तो दिसला की म्हणायच्या, “ह्यो बघ, ह्यो आमच्या धाकट्या सुनंचा भाऊ.” आणि बस भिंत फोडून आत आली की दोन्ही हात जोडून म्हणायच्या, “आली गं माझी बाय.”

खरं सांगायचं तर मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. आणि इतकी भीतीही. एक डोळा टीव्हीवर, एक पडद्यावर. आत्यांना सांगावं, हळू बोला. पण कसं सांगू? हळू सांगितलं तर त्यांना ऐकू जाणार नाही. ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं तर ते उठणार, आणि सगळ्या रांगेला कळणार की परभणीची पोरगी मालकीणबाईंना दारात ओरडून बोलली. लिहून दाखवावं तर त्यांना अक्षरओळख नाही. खुणा केल्या तर त्या खुणांना मान डोलवायच्या आणि पुन्हा खाणवाल्याच्या आवाजात सुरू.

संध्याकाळी ते उठून बसायचे, डोळे लाल. मी विचारायची, “झोप झाली का?” ते म्हणायचे, “झाली की.” आत्यांबद्दल एक शब्द नाही. आत्यांचे उपकार त्यांच्यावरही होतेच. एकदाच म्हणाले, “त्या मुनिमाचं पुढं काय होतंय?” तेव्हा मला कळलं की दुपारभर ते जागेच असतात.

आणि मग एका सकाळी, कपडे धुवायला खिसे तपासताना, युनिफॉर्मच्या खिशात हातमोजा सापडला. मधल्या बोटाचं टोक चपटं झालेलं, कडेनं कातरल्यासारखं. मी तो तोंडासमोर धरून उभी राहिले. ते कॉटवर बसून पायमोजे काढत होते.

“हे काय हो?”

“काही नाही. मोजा अडकला होता.”

“बोट?”

“हे काय बोट,” त्यांनी हात वर करून दाखवला. “मोजा मोठा होता म्हणून बरं.” आणि आडवे झाले.

मी बूट टांगून आले. नाडीची गाठ बसेना. डोक्यात एकच: झोप नाही, झोप नाही, आणि त्याला कारण माझा पिक्चर. त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही. तरी आत्या आल्याच. “का गं, आज बस न्हाई?” त्यांनी विचारलं, आणि कॉट कुरकुरली.

मी तो मोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. मग त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. शेतात राबलेला हात, बोटांची पेरं जाड. त्यातली दोन बोटं मी तळव्यात दुमडली आणि दाबून धरली. दुसऱ्या हातानं पडदा थोडा बाजूला केला आणि कॉटवरचा माणूस दाखवला. मग समोरची, भाऊंची खोली दाखवली. मग माझ्या स्वतःच्या ओठांवर हात ठेवला.

आत्या बराच वेळ स्वतःच्या दुमडलेल्या बोटांकडं बघत राहिल्या. भिंतीला धरून उठल्या, दाराबाहेर गेल्या, आणि चपला पायात न घालता हातात धरून निघून गेल्या.

मग त्या आल्याच नाहीत. खोलीत जे हवं होतं ते झालं: शांतता. ते गाढ झोपायला लागले, घोरायलासुद्धा लागले. पिक्चर लागला तर मी मुका लावायची, पण तो रंगेना. खाणवाला नुसता तोंड हलवायचा. मिशी सुटायची तेव्हा कोपरानं ढोसायला शेजारी कोणी नाही. बस भिंत फोडून आली तरी ती पुठ्ठ्याची भिंत आहे हे दिसायला लागलं. आणि वर नवी काळजी, आत्या रागावल्या असतील का? खोली सोडा म्हणाल्या तर? या शहरात आम्हाला दुसरं आहे कोण? नळावर त्यांची सून दिसली की मी खाली बघून हंडा भरायची.

घरच्यांची शिफ्ट बदलली, फिरून परत थर्डचा आठवडा आला. पहिल्याच सकाळी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला. हात मी बघितले, धड होते. पण डबा माझ्या हातात न देता त्यांनी दारातच खाली ठेवला.

“परत झालं?” मी विचारलं.

“शेजारच्या मशीनवर. पोरगं वाचलं, थोडक्यात.”

“त्याची पण झोप झाली नव्हती का?”

ते मग खाली बसले, भिंतीला टेकून, आत्या बसायच्या तिथंच. “झोपेचं काय घेऊन बसलीस? मशीनला सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खालीच येत नाही. आमच्या लाइनला तो काढून ठेवलाय.”

“काढून? काऊन?”

“सारखं थांबतंय म्हणे मशीन. माल कमी निघतो.”

“मग सांगा ना कोणाला.”

“कोणाला सांगू? कॉन्ट्रॅक्टचा माणूस मी. ब्रेक लागायला आलाय, थोडे दिवस घरी बसवतील. बोललो तर ब्रेकनंतर कोण परत घेतंय?” मग म्हणाले, “पण तू दार लावून ठेवतीस, बूट टांगतीस, त्यानं बरं वाटतंय.”

मी चहा ठेवला. स्टोव्हकडं तोंड केलं, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसू नये. किती दिवस मी बांगड्यांना रुमाल बांधून बसले होते. भाजीवाल्याला गप्प केलं, पोरांना गप्प केलं, पदरात खोकले, एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच खोलीतून घालवलं. आणि ते मशीन तिकडं जसं होतं तसंच होतं. सगळं चाकण गप्प केलं असतं तरी ते तसंच राहिलं असतं.

तरी बूट टांगले. दुसरं काय करणार? माझ्या हातात तेवढंच होतं.

त्या दुपारी दारावर नखानं ओरखडल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं मांजर. उघडलं तर आत्या. चपला हातात. त्यांनी कानाकडं बोट केलं. कानात मशीन होतं, पांढऱ्या केसांत नीट दडवलेलं. चोरपावलांनी आत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि टीव्ही लाव अशी खूण केली. मी लावला. नशीब म्हणा किंवा त्या चॅनेलचं दारिद्र्य म्हणा, बसच लागलेली होती.

आत्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग कानातल्या मशीनवर टिचकी मारली. ते काढलं, फुंकर घातली, परत लावलं. पुन्हा टिचकी. मग माझ्याकडं वाकून, अगदी बारीक आवाजात, मी त्यांचा असा आवाज पहिल्यांदा ऐकला, म्हणाल्या, “बिघडलं वाटतं गं. पंखा ऐकू येतुया. त्याचं घोरणं बी येतंय. मग ह्या डबड्याला काय झालं?”

मी त्यांच्या कानाशी गेले. “आवाज बंद हाय, आत्या.”

“कवापासनं?”

“पहिल्यापासून.”

“म्हंजी? म्या येत हुते तवा बी?”

“तवा बी.”

त्यांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं, मग माझ्या रुमाल बांधलेल्या हाताकडं. “अगं माझे बाय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं टीव्ही बोंबलतुया आन् तरी लेकरू झोपलंय. म्हनलं, एवढ्यात झोपतंय तर माझ्या बोलन्यानं काय हुतंय!”

आणि मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. आधी मला वाटलं रडतात. पण पोट हलत होतं, खांदे हलत होते. त्या हसत होत्या. मलाही सुटलं. मी पदर दातात धरला. दोघी भिंतीला टेकून, एकमेकींचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, कुणालाही ऐकू जाणार नाही असं. टीव्हीवर केळीवाला एका बाजूला पडला, मग दुसऱ्या बाजूला पडला, आणि आम्ही पुन्हा सुरू.

नंतर त्यांनी विचारलं, “आता बोटं बरी हायेत का त्याची?” मी सेन्सरचं सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. “माझ्या पोराच्या गाड्या भाड्यानं हायेत कंपन्यास्नी, वळख हाय त्याची. त्याला सांगू का?” मी त्यांचा हात घट्ट धरला. नको, आत्या. यांचं नाव निघंल. काम जाईल. नको.

“बरं,” त्या म्हणाल्या. “न्हाई सांगत.” आणि मग बराच वेळ माझा हात त्यांनी सोडला नाही.

काही दिवसांनी बाहेरून तपासायला माणसं येणार म्हणून कंपनीत सेन्सर लागला. माणसं बघून गेली, सेन्सर पुन्हा निघाला. मी सकाळी डबा घेताना बोटं बघत राहिले. आत्या दुपारी येऊन कानाशी कुजबुजत डायलॉग सांगत राहिल्या. कुजबुजताना खाणवाल्याचा आवाज काढायला त्यांना फार कष्ट पडायचे, पण काढायच्या.

ब्रेक लागला तो दिवस मला चांगला आठवतो. ते कंपनीतून शेवटचे आले, बूट काढले आणि कॉटखाली सरकवले. पुढचं काम कधी मिळेल, कुठं मिळेल, काही माहीत नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी आत्या आल्या, आणि पडदा मोकळा, ते समोरच बसलेले, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा. आमच्या गावाकडून आलेल्या. टीव्हीवर बस.

“आज तर आवाज लाव,” ते म्हणाले.

मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. बाकीच्या आठवड्यांत मी मालिका लावायची, त्यामुळं त्या टीव्हीतून त्या बसचा हॉर्न मी पहिल्यांदा ऐकला. भसाडा. खाणवाल्याचा आवाज बारीक निघाला, एखाद्या कारकुनासारखा. पोरीला कोणीतरी भलत्याच बाईचा आवाज दिलेला. आम्ही तिघं थोडा वेळ ऐकत राहिलो. आत्यांनी हळूच कानातलं मशीन काढलं आणि कनवटीला खोचलं.

“हा खाणवाला?” ते म्हणाले. “असा बोलतो? झोपेतून ऐकलेला तो कसला वाघ होता.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “बंद कर गं तो आवाज.” आणि आत्यांकडं वळून, त्यांना ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्यानं म्हणाले, “आत्या, तुम्ही सांगा!”

बाहेर दाराला काही टांगलेलं नव्हतं. पोरं चेंडू खेळत होती, भंगारवाला ओरडत होता. आत्यांनी छाती काढली आणि पूर्ण आवाजात सुरू केलं, “ए पोरी, गाडी हितंच ठिव…”

ते हसत हसत शेंगा फोडत होते. टरफल काढायचं, दाणे तळहातावर घ्यायचे, निम्मे आत्यांना, निम्मे मला. बस डोंगर उतरत होती, भिंत आता फुटणार होती. मी टीव्हीकडं बघत नव्हते. शेंगा फोडणाऱ्या त्या बोटांकडं बघत बसले होते.